बाटलीची मागची बाजू

लेखाचं नाव वाचून काही जणांचे डोळे चमकले असतील, तर रेक्टर सरांच्या कपाळाला आठी पडली असेल. दोघांचीही निराशा करतो. ही बाटली शाम्पूची आहे!

गोष्ट सुरू होते आमच्या मजल्यावरच्या बाथरूमपासून. नोव्हेंबरचा शेवट. सबमिशन डोक्यावर, आणि आमच्या पार्टनरच्या डोक्यावरचे केस मात्र बाथरूमच्या जाळीवर. पार्टनर म्हणजे माझा रूम पार्टनर. नाव लिहू नकोस असं त्याने बजावलंय, म्हणून या लेखात तो पार्टनरच. रोज सकाळी अंघोळ झाली की तो जाळीवरचे केस उचलायचा, कागदावर ठेवायचा आणि चक्क मोजायचा. मेकॅनिकलवाला असल्याने त्याचा ग्राफही काढला होता. ग्राफ वर जात होता, केस खाली येत होते.

पहिल्या आठवड्यात त्याने साबण बदलला. दुसऱ्या आठवड्यात शाम्पू आणला, तिसऱ्या आठवड्यात 'सल्फेट-फ्री' शाम्पू, मग कांद्याचा शाम्पू, मग कुठलंसं तेल आणि शेवटी एक 'अँटी-हेअरफॉल किट'. खिडकीच्या कट्ट्यावर बाटल्यांची रांग लागली. आम्ही हसत होतो. पण परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख आली आणि पार्टनर गप्प बसून राहिला, तेव्हा हसणं थांबलं. बाबांनी कापूस विकून फॉर्मसाठी पाठवलेले पैसे त्या कट्ट्यावर उभे होते. फॉर्म आम्ही दोघा-तिघांनी मिळून भरला, तो भाग वेगळा. पण त्या रात्री मी एकेक बाटली उचलली आणि पहिल्यांदाच उलटी करून मागची बाजू वाचली. केमिकलला तीन वर्षं काढूनही हे आधी सुचलं नव्हतं, याची लाज वाटली.

आधी वाचायचं कसं ते बघू

पुढच्या बाजूवर जाहिरात असते, मागच्या बाजूवर यादी. आपल्याकडच्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणे, जे घटक एक टक्क्यापेक्षा जास्त आहेत ते उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक त्यानंतर, पण कुठल्याही क्रमाने चालतात. म्हणजे मेरिट लिस्टच समजा! वरचे नंबर खरे, खालच्या नंबरांत कोण आधी कोण नंतर याला अर्थ नाही.

आता पार्टनरचा कांद्याचा शाम्पू घ्या. पहिला नंबर पाणी. शाम्पूच्या बाटलीत साधारण ७० ते ८० टक्के पाणीच असतं. दुसरा नंबर सोडियम लॉरेथ सल्फेट, तिसरा कोकामिडोप्रोपिल बीटेन, मग मीठ, आणि मग बरंच खाली, सुगंधाच्याही खाली, कांद्याच्या बियांचा अर्क. पुढच्या बाजूवर मात्र कांदा एवढा मोठा की बघूनच डोळ्यांत पाणी यावं. मग मी त्याच्या पहिल्या, साध्या शाम्पूची यादी शेजारी ठेवली. पहिले चार नंबर तेच, त्याच क्रमाने. पार्टनर म्हणाला, "भावा, म्हणजे मी एकच शाम्पू दोनदा घेतला?" अगदी तसंच नाही, पण धुण्याचं काम करणारे कामगार दोन्हीकडे तेच होते एवढं खरं.

हे कामगार करतात काय?

डोक्यावरचा मळ म्हणजे तेल आणि त्याला चिकटलेली धूळ. पाणी आणि तेल एकमेकांचं तोंड बघत नाहीत. म्हणून मध्ये मध्यस्थ लागतो. या मध्यस्थाच्या रेणूचं डोकं पाण्यात रमतं आणि लांब शेपटी तेलात. शेपट्या तेलाच्या थेंबात खुपसून आणि डोकी बाहेर काढून हे रेणू थेंबाला चहूबाजूंनी घेरतात आणि पाण्याबरोबर वाहून नेतात. साबण असो, शाम्पू असो, भांड्याची पावडर असो, तत्त्व हेच.

साबण हा यातला सर्वांत जुना मध्यस्थ. तेलात कॉस्टिक सोडा घालून तापवलं की साबण आणि ग्लिसरीन तयार होतं. वडीच्या मागे 'सोडियम पामेट' दिसलं तर समजा पामतेलाचा साबण, 'सोडियम कोकोएट' दिसलं तर खोबरेल तेलाचा. आणि 'टीएफएम' लिहिलेलं असतं ते म्हणजे वडीतल्या एकूण स्निग्धाम्लांचं प्रमाण. भारतीय मानकाप्रमाणे पहिल्या दर्जाच्या टॉयलेट सोपमध्ये हे किमान ७६ टक्के, दुसऱ्यात ७० आणि तिसऱ्यात ६० टक्के लागतं. ज्या वडीवर 'बेदिंग बार' लिहिलंय तिला ४० टक्केही चालतात. त्यामुळे पुढच्या वेळी दुकानात हिरॉईनचा फोटो बघण्याआधी हा आकडा बघा. बऱ्याचदा स्वस्त वडी पहिल्या दर्जाची निघते आणि गुळगुळीत खोक्यातली नुसती बेदिंग बार!

साबणाची एक अडचण मात्र जन्मजात आहे. त्याचं पाणी अल्कधर्मी असतं, पीएच ९ ते १०. आपली त्वचा किंचित आम्लधर्मी, पीएच ५ च्या आसपास. दिवसातून एकदा साबण लावला तर त्वचा स्वतःला सावरून घेते. पण थंडीच्या दिवसांत कडकडीत पाणी आणि दोनदा खसखसून साबण, असा कार्यक्रम केला की नडग्यांवर पांढरी खवलं आणि खाज आलीच. ग्लिसरीन पाणी धरून ठेवतं, पण मोठ्या कारखान्यांत साबणातून ते बहुतेक वेळा वेगळं काढलं जातं आणि निराळं विकलं जातं.

शाम्पूत साबणाऐवजी सोडियम लॉरेथ सल्फेट असतं. नाव भारदस्त आहे, पण त्याच्या शेपटीतली कार्बनची साखळी बहुधा नारळाच्या किंवा पामच्या गराच्या तेलातून येते. याचा थोरला भाऊ सोडियम लॉरिल सल्फेट. हा जास्त तिखट. त्वचेची आग कशी होते हे तपासायला त्वचारोगतज्ज्ञ प्रयोगात हाच वापरतात. लॉरेथ त्या मानाने सौम्य. 'यामुळे कॅन्सर होतो' हा निरोप लोक पूर्वी ई-मेलवर पाठवायचे, आता मोबाईलवर पाठवतात, पण त्याला आधार नाही. त्वचा कोरडी होणं, चुरचुरणं ही खरी तक्रार. तिसऱ्या नंबरचं बीटेन फेस वाढवतं आणि लॉरेथचा तिखटपणा कमी करतं. काही थोड्या लोकांना मात्र त्याची ॲलर्जी असते.

आणि मीठ? तेच, मेसमधलं! लॉरेथच्या द्रावणात एक-दोन टक्के मीठ घातलं की ते घट्ट होतं. आणखी घालत गेलात तर पुन्हा पातळ! म्हणजे बाटलीतला दाटपणा बघून 'शाम्पू कसला भारी आहे' म्हणणं किती खरं, ते तुम्हीच ठरवा. मोत्यासारखी चमकही अशीच, ती ग्लायकॉल डायस्टिअरेटच्या बारीक स्फटिकांची. तिचा केसांशी काही संबंध नाही, आपल्या डोळ्यांशी आहे.

आता आपलं लाडकं बोअरचं पाणी

पार्टनरची दुसरी तक्रार होती की केस धुतल्यावरही चिकट आणि राठ लागतात. चौकशीत कळलं की पैसे वाचवायला तो मधल्या दिवशी अंगाचाच साबण डोक्याला लावतो. इथे मला शाळेतला एक शब्द आठवला. दुष्फेन! फेन म्हणजे फेस, ज्यात फेस होत नाही ते दुष्फेन पाणी. बोलताना आपण 'जड पाणी' म्हणतो, पण अणुभट्टीवाले त्यावर हक्क सांगतील, म्हणून दुष्फेनच बरं.

फर्स्ट इयरच्या केमिस्ट्रीचं ते प्रॅक्टिकल आठवतंय ना? ईडीटीए, बफर, एरिओक्रोम ब्लॅक टी, आणि वाइन रेडचा निळा. आपण सगळ्यांनी ते मागच्या बॅचच्या जर्नलमधून 'केलेलं' आहे. या वेळी मात्र मी खरंच केलं. लॅबच्या मामांच्या हातापाया पडून ब्यूरेट मिळवली. (कामापुरता मामा म्हणतात ते हेच.) हॉस्टेलच्या बोअरचं ५० मिली पाणी घेतलं, ०.०१ मोलर ईडीटीए सोडत गेलो. रंग बदलायचं नाव नाही. २७ मिलीला निळा झाला. म्हणजे लिटरमागे ५४० मिलिग्रॅम काठिण्य, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २०० पर्यंत ठीक आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० ही शेवटची मर्यादा. मेसमधल्या कॉर्पोरेशनच्या नळाचं पाणी घेतलं तर ४ मिलीतच काम झालं, म्हणजे ८०.

आता पुढचं गणित. कॅल्शियमचा एक आयन साबणाचे दोन रेणू पकडतो आणि न विरघळणारा पांढरा साका तयार करतो. आपल्या बोअरच्या एका लिटरला असा तीन ग्रॅमच्या आसपास साबण पुरेपूर खाऊन टाकता येतो. म्हणजे २० लिटरच्या बादलीला जवळजवळ ६० ग्रॅम! अख्खी बादली आपण साबणात मिसळत नाही हे खरं, पण साबण लवकर का संपतो, बादलीच्या कडेला पांढरा थर का बसतो, आणि पार्टनरच्या डोक्यावर तो चिकटपणा कसला, या तिन्ही प्रश्नांचं उत्तर एकच. तो साका केसांवर बसत होता. मेसची डाळ कधीकधी शिजत नाही त्यातही याच पाण्याचा हात असू शकतो, उगाच काकूंना दोष देऊ नका.

लॉरेथचं वैशिष्ट्य हे की ते कॅल्शियमबरोबर असा साका धरत नाही. म्हणूनच बोअरच्या पाण्यातही शाम्पूला फेस येतो. आणि गंमत बघा, बऱ्याच शाम्पूंच्या आणि साबणांच्या यादीत खाली कुठेतरी 'डायसोडियम ईडीटीए' किंवा 'टेट्रासोडियम ईडीटीए' असतं. तोच आपला ब्यूरेटमधला ईडीटीए! तिथेही तो धातूंचे आयन पकडायचंच काम करतो. ज्याला आपण एका मार्काची व्हायवा समजून सोडून दिलं, तो रोज सकाळी आपल्या डोक्यावर असतो.

मऊपणा आणि गवार

धुतलेल्या केसांवर ऋण भार असतो. म्हणून शाम्पू-कंडिशनरमध्ये धन भाराचे लांब रेणू घालतात, ते केसाला चिकटून राहतात. नाव बघा, 'ग्वार हायड्रॉक्सिप्रोपिलट्रायमोनियम क्लोराईड'. घाबरू नका, यातला 'ग्वार' म्हणजे आपली गवार. मेसमध्ये मंगळवारी जी बघून आपण बाहेर वडापाव खायला पळतो, तिच्याच बियांच्या गोंदापासून हे बनतं. डायमेथिकोन हे सिलिकोन, केसांवर पातळ गुळगुळीत थर देतं. केस चमकतो, गुंता सुटतो. पण केसाचा जो भाग डोक्याबाहेर दिसतो तो निर्जीव असतो. त्याला 'पोषण' देता येत नाही, रंग द्यावा तशी वरून निगा राखता येते, एवढंच.

पॅराबेन, ट्रायक्लोसान वगैरे मंडळी

पाणी म्हटलं की बुरशी आणि जंतू आलेच, म्हणून टिकवणारं औषध घालावं लागतं. मिथाइल आणि प्रोपिल पॅराबेन ही त्यातली जुनी मंडळी. त्यांच्यावर संशय आला. युरोपने २०१४ मध्ये पाच पॅराबेनांवर बंदी घातली आणि प्रोपिल, ब्यूटिलचं प्रमाण कमी केलं. मिथाइल मात्र मर्यादेत चालू ठेवलं. लोकांना एवढं बारीक कोण सांगणार? 'पॅराबेन-फ्री'ची लाट आली आणि बऱ्याच कंपन्या मिथाइलआयसोथायझोलिनोनकडे वळल्या. त्याने इतक्या जणांना ॲलर्जी झाली की अंगावर तसंच ठेवायच्या क्रीम-लोशनमध्ये ते वापरायला युरोपने २०१६ मध्ये बंदी केली. आगीतून फुफाट्यात! धुऊन टाकायच्या वस्तूंत ते अगदी थोडं चालतं. ज्यांना शाम्पूनंतर मानेवर, कानामागे पुरळ येतो त्यांनी यादीत हे नाव शोधावं. 'फ्री' लिहिलंय म्हणजे काय नाही ते कळतं. त्याच्याऐवजी काय घातलंय ते मागे वाचावं लागतं.

दुसरं प्रकरण जंतुनाशक साबणाचं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये ट्रायक्लोसानसह १९ द्रव्यं घरगुती अँटिबॅक्टेरियल साबणांतून काढायला लावली. साध्या साबण-पाण्यापेक्षा ती जास्त उपयोगी आहेत आणि रोज वापरायला सुरक्षित आहेत हे कंपन्यांना दाखवता आलं नव्हतं. हॉस्टेलात नायटा झाला की आपण काय करतो? लाल साबण दोनदा घासतो. पण नायटा बुरशीचा, साबण जंतूंचा. त्याहून वाईट म्हणजे मेडिकलवाल्याने दिलेली स्टेरॉइड मिसळलेली मलम. चार दिवस खाज जाते आणि नायटा आतल्या आत पसरतो. टॉवेल आणि चड्ड्या वेगळ्या ठेवा, ओले कपडे घालू नका आणि सरळ डॉक्टर गाठा.

कोंड्याचं जरा वेगळं. कोंड्यात मॅलेसेझिया नावाच्या यीस्टचा हात असतो आणि तिला तेल आवडतं. म्हणून कोंडा झाला की आजीसारखं तेल थापायचं नाही. केटोकोनॅझोलचा शाम्पू डॉक्टरांना विचारून घ्यायचा आणि तीन ते पाच मिनिटं डोक्यावर ठेवायचा. लावला की लगेच धुतला तर पैसे गटारात.

आणि आजीचं चुकतं असं नाही हं! रिठा-शिकेकाईत सॅपोनिन असतात, तेही डोकं-शेपटीवाले मध्यस्थच. दिवाळीला आधी तेल आणि मग उटणं, हाही तेल आणि मळ एकत्र काढायचा सोपा मार्ग. खुद्द 'शाम्पू' हा शब्द आपल्या 'चंपी'च्या कुळातला. पाटण्याचे शेख दीन महंमद एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या ब्रायटनमध्ये मालिशची स्नानगृहं चालवत, आणि तिथल्या राजाचे 'शाम्पूइंग सर्जन' म्हणवले जात. फक्त 'हर्बल आहे, केमिकल नाही' असं कुणी म्हणालं तर त्याला पाण्याचं सूत्र विचारा.

आणि पार्टनरचे केस?

एवढी माहिती जमवून मी छाती फुगवून पार्टनरला म्हणालो, "बोअरचं पाणी आणि साबण, दोषी सापडले!" केस सुधारले. चिकटपणा गेला. पण गळणं थांबलं नाही. शेवटी त्याला ओढत कॉलेजच्या दवाखान्यात नेलं. मॅडमनी बाटल्यांबद्दल एक शब्द विचारला नाही. म्हणाल्या, "बाळा, दोन-तीन महिन्यांपूर्वी ताप आला होता का रे?"

पार्टनरने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. सप्टेंबर. डेंग्यू. आठ दिवस ॲडमिट, त्याच्या आईची हॉस्पिटलच्या बाकावरची झोप, सगळं डोळ्यांसमोर आलं. मॅडम म्हणाल्या, मोठ्या तापानंतर बरेच केस एकदम विश्रांतीला जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदम गळतात. तोवर आपण ताप विसरलेले असतो, म्हणून दोष हातात असलेल्या बाटलीला जातो. डोक्यावर साधारण लाखभर केस, एरवीही रोज ५० ते १०० गळतात. काही महिन्यांत नवे येतात. "नीट जेव, अंडी-डाळ खा, झोप घे. पुढच्या तीन महिन्यांत थांबलं नाही तर परत ये." झालं. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला म्हणतात ते हेच. कट्ट्यावरच्या एकाही बाटलीला तो ताप माहीत नव्हता.

म्हणून मंडळी, फार काही लक्षात नाही राहिलं तरी एवढं ठेवा. साबण अंगाला, तोही काखा, जांघा, पाय आणि मळलेल्या जागी. डोक्याला शाम्पूच, साधा चालेल. शेवटचे दोन तांबे जमल्यास नळाच्या गोड्या पाण्याचे. थंडीत अंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच खोबरेल किंवा व्हॅसलिन. घ्यायच्या आधी बाटली उलटी करून पहिली चार नावं वाचा. आणि दुखणं बाटलीने जाणारं आहे की दवाखान्यात जायचं आहे, हे आधी ठरवा. दवाखान्याचा केसपेपर कुठल्याही शाम्पूपेक्षा स्वस्त आहे.

पार्टनरने ग्राफ काढणं मार्चमध्ये सोडून दिलं. कपाळाच्या कडेला बारीक, ताठ, नवे केस उगवलेत, तो येणाऱ्या-जाणाऱ्याला हात लावून बघायला लावतो. कट्ट्यावरच्या बाटल्या अजून संपायच्या आहेत. कांद्याच्या शाम्पूने आम्ही सध्या बनियन धुतो. फेस झकास येतो!